संपतच्या वाट्याची मागची पानं

संपत गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारेगावच्या शाखेत काउंटरमागे होतो. कंपन्यांचे पगार झालेले, कामगारांची रांग दारापर्यंत गेलेली. वहिनी, म्हणजे संपतची बायको, एवढंच म्हणाल्या, "भावजी, हे गेले. पहाटं. दुपारी नेनार हायत." मी "येतो" म्हणालो, फोन ठेवला आणि पुढची स्लिप हातात घेतली. साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याच क्षणी सोडलं असतं. मी सांगितलं नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सह्या करत राहिलो. दौंडला जायचं म्हटलं की गेली कित्येक वर्षं माझे पाय जड होत, ते त्या दिवशीही झाले... पोहोचलो तोवर त्याला नेलेलं होतं. अंगणात चपलांची रास तेवढी होती.

आम्ही दोघं शिरूरच्या कॉलेजात एका बाकावर बसलो. त्याचे वडील दौंडला रेल्वेत गँगमन. तो शिकायला शिरूरला मामाकडे राहिला होता. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला बी.ए. झालो, तो दौंडला परत गेला आणि दोघांनीही बँकेच्या परीक्षेचा अभ्यास धरला. गणित जमायचं. इंग्रजीच्या पेपरात मात्र आमच्यासारखी मराठी शाळेतली पोरं हमखास गळायची. बाजारात मिळणाऱ्या पुस्तकातून अवघड शब्दांच्या याद्या पाठ करायच्या आणि आठवडाभरात विसरायच्या, यात एक अख्खं वर्ष गेलं. मग एकदा संपत म्हणाला, "असा सुटा शब्द ध्यानात राहत न्हाई रं. नुसतं नाव सांगितलेला मानूस राहतो का ध्यानात? तोच कुठं भांडताना, रडताना बघितला म्हंजी राहतो. आपन कादंबऱ्या वाचू."

दौंडच्या एका रद्दीवाल्याकडे इंग्रजी कादंबऱ्या येत. गाडीत विसरलेल्या, रेल्वेच्या साहेबांनी बदली होताना टाकून दिलेल्या. आणायचं काम संपतचं. पण पुस्तक एक आणि वाचणारे दोघं, मध्ये दोन गावांचं अंतर, परीक्षा तोंडावर. त्यावर त्यानंच तोड काढली. ब्लेडनं कादंबरी शिवणीतून बरोबर मधोमध कापायची. सुरुवातीचा अर्धा भाग तो मला शिरूरला पाठवणार, मागचा स्वतः वाचणार आणि दोघांचं झालं की अदलाबदल. "तुला सुरवात लागती," तो म्हणाला, "माझं कुठूनबी चालतं." त्याच्या गल्लीतले एक मामा शिरूरच्या एसटीवर ड्रायव्हर होते. ते पुडकं केबिनमध्ये ठेवून आणत आणि डेपोत माझ्या हातात देत. पहिल्या खेपेला त्यांनी कागद बाजूला करून आत पाहिलं. "भावकीत वाटनी झाली काय रं पुस्तकाची?" म्हणाले. "बांध कुठनं घातला?"

शब्दकोश उघडायचा नाही, असा आमचा नियम होता. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ मारायची, समासात अंदाजानं अर्थ लिहायचा आणि पुस्तक संपल्यावरच पडताळायचा. अंदाज चुकायचे, पण चुकलेला शब्द जन्मात विसरायचा नाही. संपतच्या वाट्याला गोष्ट मधूनच यायची. कोण कुणाची बायको, म्हातारा कशावर चिडलाय, काही पत्ता नसायचा. मग तो स्वतःच सुरुवात रचायचा. महिन्यातून एकदा मी दौंडला गेलो की स्टेशनबाहेर चहा घेत ती मला सांगायचा. त्याच्या सुरुवातीतल्या सगळ्या इंग्रज म्हाताऱ्या त्याच्या गल्लीतल्या असायच्या. एका लॉर्डला त्यानं तरुणपणी मेंढरं राखायला लावली होती. "त्याशिवाय एवढा हट्टी कसा झाला असंल?" मी त्याला खरी सुरुवात सांगायचो, तेव्हा त्याचा चेहरा जरा पडायचा. खरं सांगायचं तर कित्येकदा त्याचीच बरी असायची.

चार-पाच पुस्तकं झाल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. कादंबरीकार सुरुवातीला माणसं उभी करतो. चेहरे, घरं, हवा, स्वभाव... अवघड शब्दांची सगळी गर्दी तिथं असते. माझ्या पानांवर रेघांची दाटी व्हायची. पुढं गोष्ट पळायला लागते. माणसं धावतात, ओरडतात, मरतात, आणि त्याला साधे शब्द पुरतात. संपतची मागची पानं अदलाबदलीत माझ्याकडे यायची तेव्हा जवळजवळ कोरी असायची. परीक्षेला लागणारं सगळं माझ्या हातात होतं. मी हे त्याला सांगितलं नाही. उलट सुरुवातीचे भाग परत पाठवायला उशीर करू लागलो. "अजून संपलं नाही," असा निरोप मामांबरोबर द्यायचो. संपलेलं असायचं. मी ते दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचत असायचो. परीक्षेच्या आधीचे काही महिने तर मी एकही भाग परत केला नाही आणि तो मात्र नवं पुस्तक कापून पाठवतच राहिला. एकदा चहा पिताना म्हणाला, "तुझी सुरवात येईस्तवर मी माझी लावून घेतो." मी हसलो होतो.

मला नोकरी लागली. तो इंग्रजीत राहिला. पुढच्या खेपेलाही राहिला, मग वय गेलं. ते भाग वेळेवर मिळाले असते तर तो पास झालाच असता, असं मी म्हणणार नाही. कुणालाच ते सांगता येणार नाही, आणि तेच जड जातं. चूक नक्की किती मोठी, हे ठाऊक असलं तर माणूस तिचं काहीतरी करू शकतो. त्यानं दौंडला मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं, लग्न झालं. माझ्या बदल्या झाल्या, मी पुन्हा शिरूरला आलो. अधूनमधून फोन करायचो. वहिनी उचलायच्या आणि म्हणायच्या, "गिऱ्हाइकात हायत ते." मला बरंच वाटायचं. फोन केल्याचं समाधान मिळायचं आणि बोलावंही लागायचं नाही. शेवटचा भेटला तो शिरूरला एका लग्नात. मी धीर करून म्हणालो, "संपत, ती आपली पुस्तकं... मी तेव्हा..." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता चष्मा लागतोय साहेब मला. जेवून घे आधी, पंगत उठंल." मी जेवायला गेलो. परत आलो तोवर तो निघून गेला होता. अपराधीपणाचाही माणसाला कंटाळा येतो. त्या दिवशी मला तो आला होता. बोलायचं राहिलं ते राहिलं, असं म्हणून मी घरी येऊन झोपलो.

गेल्या रविवारी दौंडला गेलो. कसला विधी नव्हता, कुणी बोलावलं नव्हतं. दुकान आता वहिनी चालवतात. त्यांना सगळं सांगितलं. काउंटरवर नट आणि वायसर वेगळे करत त्यांनी ऐकून घेतलं.

"ठाऊक व्हतं त्यांना," त्या म्हणाल्या.

"राग होता?"

"व्हता की. तुमचा फोन वाजला की म्हनायचे, तू घे, गिऱ्हाईक हाय म्हनून सांग. गिऱ्हाईक नसायचं कोनी."

"मग बोलला का नाही कधी?"

"तुमी बोलाल म्हनून थांबले असतील." त्यांनी वायसरांचा डबा बंद केला. "लग्नात तुमी काढलावता म्हनं विषय. घरी येऊन म्हनले, उशीर केला त्यानं. मंग न्हाई बोलले."

त्या रागावलेल्या नव्हत्या, माझी समजूतही घालत नव्हत्या. इतकी वर्षं मी त्याला भोळा धरून चाललो होतो. त्याला काही कळलंच नाही, म्हणून तर माझ्या मनात त्याच्याविषयी एवढी दया होती. पण तो सगळं समजून, रीतसर राग धरून, आपल्या जागी बसलेला होता. ती दयाही आता माझ्याकडे उरली नाही...

दुपार झाली तशा वहिनी उठल्या आणि त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं. मला वाटलं, जेवायला जाणार. त्या पुन्हा स्टुलावर बसल्या. "ही त्यांची वाचायची वेळ," म्हणाल्या. "रोज. काय वाचायचे ते मला कळत न्हाई. पन शटर वर ठिववत न्हाई आता." पंखा फिरत होता. मी एका खोक्यावर टेकलो. थोड्या वेळानं बाहेर मोटारसायकल थांबली. शटरखालून धोतराचा सोगा आणि दोन पाय दिसले. म्हातारा गृहस्थ असावा. त्यानं हाक मारली नाही, की पत्रा वाजवला नाही. वाकून विचारलं, "वाचन चाललंय व्हय, ताई?"

"चाललंय, आबा," वहिनी म्हणाल्या.

"चालू द्या. बसतो," म्हणत तो पायरीवर बसला. शिरूरच्या गाडीची वेळ होत आली होती. मी उठलो नाही.