लाडवांच्या दिवशी धुरपदाआक्का

धुरपदाआक्का भाकरीसुद्धा उभ्यानेच खायची. जालन्याच्या एका जिनिंग कारखान्यात आम्ही दोघी सरकी वेगळी करणाऱ्या शेजारशेजारच्या रेच्यांवर, म्हणजे यंत्रांवर, कापूस सारायचो. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बाया सरकीच्या ढिगाला टेकून डोळे मिटायच्या. आक्का मात्र दारापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा जायची. बस म्हटलं तर म्हणायची, "बसलं की डोक्यात किडे वळवळत्यात, माय. चालत राह्यलेलं बरं."

तिची जाऊ याच कारखान्यात, दिवस मावळल्यावरही काम चालू असताना, पेंगत होती. रेच्यात तिचा हात गेला आणि त्याच जखमेने ती वारली. मुंबईहून परतलेल्या एका गिरणी कामगाराने आक्काला सांगितलं होतं, की आठ तासांच्या कामासाठी लढताना परमुलखात माणसं फासावर गेली; पहिली मे हा त्यांचा दिवस. जाऊ गेल्यावर आलेल्या पहिल्या मेला आक्काने बायांना घेऊन काम थांबवलं. निजामी अंमलात चार माणसं जमवायचीही चोरी. तरी सगळ्या उन्हात उभ्या राहिल्या.

मालक हुशार. पुढच्या वर्षी त्याने स्वतःच सुट्टी दिली. मांडव घातला, लाडू वाटले, हार मात्र स्वतःच्या गळ्यात घालून घेतला. हळूहळू नव्या बाया त्याला 'लाडवांचा दिवस' म्हणू लागल्या. काम दिवेलागणीनंतरही चालूच. आक्काची येरझार वाढली.

एका वर्षी हातावर पडलेला लाडू तिने परातीत परत ठेवला.

"का बाई, आवडला नाही?" मालकाने हसून विचारलं.

"ग्वाड हाय, मालक. पन माझी जाऊ मेली म्हनून आम्ही हा दिवस धरला, लाडवापायी न्हाई. दिवस बुडायच्या आत घरी सोडा. तेवढं बोला."

बाया परातीकडे आल्या. मग एकेक लाडू परातीत पडू लागला. माझ्या घरी दोन लेकरं होती. तरी मीही ठेवला.

मालकाने तिथेच आक्काला कामावरून काढलं आणि हा दिवसच बंद केला. दुसऱ्या दिवसापासून दिवस मावळतीला आला की आम्ही रेचे सोडून उठू लागलो. पावसाळा जवळ आलेला, कापूस उघड्यावर पडलेला. शेवटी मालकाला ऐकावं लागलं. आक्काला मात्र त्याने परत घेतलं नाही. ती घनसावंगीकडे भावाच्या गावी गेली.

पुढच्या उन्हाळ्यात मी तिला भेटायला गेले, तेव्हा तापाने ती खाटेला खिळली होती.

"यंदा पहिल्या मेला सुट्टी न्हाई दिली," मी म्हणाले. "आम्हीच रेचे बंद केले."

"नव्या बायांना ठाऊक हाय का, काहून ते?"

"मी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"तुझ्या जावंचा हात रेच्यात गेल्ता, म्हनून."

आक्का कोपरावर उठली. "नुसता गेल्ता म्हनू नको, माय. दमलेल्या बाईला त्यांनी घरी सोडलं न्हाई, म्हनून गेल्ता. तसं सांग."

आठवडाभरात ती वारली. पुढे दरवर्षी मी तसंच सांगत आले.