घंटीचा चौकोन

बाजारातली निम्मी दुकानं पेंटरांनी रंगवलेली होती, आणि उरलेली निम्मी, त्यांच्या मते, न रंगवलेलीच बरी होती. न्हाव्याच्या दारावर कात्री, दातांच्या दवाखान्यावर दाढ, किल्लीवाल्याच्या टपरीवर हातभर किल्ली, चष्मेवाल्याकडे दोन टपोरे डोळे. अक्षरही सुरेख होतं त्यांचं, पण जीव सगळा चित्रात. "अक्षर वाचायला शाळा लागते," ते म्हणायचे, "चित्राला नुसते डोळे पुरतात."

त्यांचं आणखी एक ठरलेलं वाक्य होतं. "पाटी कोरी म्हणजे दुकान बंद." नुसतं बोलून थांबले असते तर ठीक होतं, पण पेंटर तसे वागतही. ज्याच्या पाटीचा रंग उडाला त्याच्या दुकानात ते पाऊल टाकत नसत. मग तीच वस्तू आणायला दोन गल्ल्या पलीकडे जावं लागलं तरी बेहत्तर. बायको होती तोवर यावरून रोज जुंपायची. "अहो, दार उघडं आहे, आत माणूस बसलाय, दिवा लागलाय, आणि तुम्ही म्हणता बंद," ती म्हणायची. "पाटी काय म्हणते ते बघ," एवढंच पेंटरांचं उत्तर. हट्टी माणूस. हट्टी माणसांचं एक बरं असतं, ते कुठल्या वेळी काय करतील हे घरच्यांना आधीच ठाऊक असतं. ठाऊक असायला हवं होतं, असं म्हणू.

मुलगी एकच. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून बारकी. चौतिशीला आली, चष्मा लागला, ऑफिसात चार माणसं तिच्या हाताखाली आली, तरी घरात बारकीच. तिचं काम संगणकाच्या पडद्याचं. म्हणजे लोकांना जे समोर दिसतं ते: बटणं, रकाने, याद्या. या बटणांवर छोटी छोटी चित्रं लागतात, आणि ती काढत कुणी बसत नाही. तयार चित्रांचा मोठा संच मिळतो, त्याला हे लोक लायब्ररी म्हणतात. दीड-दोन हजार चित्रं, प्रत्येकाला एक नाव. कोडमध्ये नाव लिहिलं की पडद्यावर चित्र हजर.

पेंटर एकदा तिच्या मागे खुर्ची टाकून बसले.

"हे कुणी काढलंय?"

"काढलं असेल कुणीतरी. मी फक्त नाव टाकते. बघा हं." तिने किल्लीचं नाव टाकलं, किल्ली आली. घंटीचं टाकलं, घंटी आली.

पेंटर खुर्ची पुढे ओढून वाकले. चाळीस वर्षं शिडीवर उभं राहून ज्यासाठी मान मोडून घेतली ते पोरगी दोन बोटांनी करत होती, हे त्यांना लागलं असणार. पण बोलून दाखवतील तर ते पेंटर कसले. "रेष बरी आहे," ते म्हणाले. "घंटीचा लोलक मात्र चुकलाय. ही वाजायची नाही."

त्यानंतर दोन महिने ते दुपारची झोप सोडून काहीतरी करत बसायचे. एके दिवशी बुटांचा खोका तिच्यासमोर ठेवला. आत पुठ्ठ्याचे त्रेचाळीस तुकडे, प्रत्येकावर एक चित्र. पेला, खाट, पंखा, खिडकी, रेडिओ, घंटी. बारीक कुंचल्याने काढलेली, एकेक बघत राहावी अशी.

"घे. तुमच्या लायब्ररीला."

बारकी हसली. वाईट हसली नाही, पण हसली. "बाबा, तिकडे असं चालत नाही हो. सगळी चित्रं एका मापाची, एका जाडीची लागतात. आणि तयार मिळतात ना."

मग तिने एक तुकडा उचलला. दोन वेण्यांची मुलगी, एक वेणी दुसरीपेक्षा जरा वर बांधलेली. "ही कोण?"

"तुमच्यात माणूस दाखवायला नुसतं डोकं आणि खांदे असतात. मुंडकं छाटून ठेवल्यासारखं. हे माणसाचं चित्र."

"छान आहे," ती म्हणाली, आणि खोका कपाटावर गेला. पेंटरांनी पुन्हा विषय काढला नाही. एकदा परत आलेली पाटी ते दुसऱ्यांदा दाखवायला नेत नसत.

तीन वर्षांनी त्यांच्यावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे अक्षर गेलं. ज्याने गावभर नावं लिहिली त्याला आता अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. कानाने ऐकलेलं सगळं कळत होतं, डोळ्यांना चित्र कळत होतं, डावा हात चालत होता. तोंडातून मात्र एक घोगरा आवाज तेवढा निघायचा, आणि तो निघाला की पेंटर स्वतःच मान वळवून घ्यायचे.

बारकीने टॅब्लेटवर त्यांच्यासाठी एक पान तयार केलं. चार ओळी, ओळीत चार चौकोन. चित्रं अर्थात लायब्ररीतली. पेल्यावर बोट ठेवलं की "पाणी हवंय", पंख्यावर ठेवलं की "पंखा लावा". आवाज तिने स्वतःचा भरला. बाबांच्या बोलण्याला आपला आवाज द्यायचा म्हणजे तिला कसंसंच झालं, पण दुसरा आणायचा कुठून? पेंटरांचा आवाज कुणी कधी भरून ठेवलाच नव्हता. फोटो ढीगभर होते, तेही पाट्यांचे.

शेवटच्या ओळीत कोपऱ्यात लाल चौकोनात घंटी. ती दाबली की टॅब्लेट असा ठणाणा करायचा की मागच्या अंगणातही ऐकू जाईल. ही घंटी मावशींसाठी. दिवसभर घरात थांबणाऱ्या या बाई पेंटरांचं सगळं करायच्या आणि वर त्यांना दटावायच्याही.

पहिल्या दिवशी पेंटरांनी पाणी मागितलं. पेला भरून आला. त्यांनी पुन्हा पाणी मागितलं. "अहो, हातात आहे ना," मावशी म्हणाल्या. पेंटर अर्ध्या तोंडाने हसत होते. त्यांना फक्त बोलायचं होतं. घंटीकडे बघून मात्र त्यांनी डाव्या हाताने नापसंतीची खूण केली. लोलक. बारकीला कळलं, आणि त्या आजारपणात पहिल्यांदा ती मनापासून हसली. "वाजायची नाही" म्हटलेली घंटी पुढे रोज दहादा वाजायची.

पाच महिने असे बरे गेले. मग पेंटर फळीवरच्या रेडिओकडे बोट दाखवू लागले. रेडिओसाठी चौकोन हवा. एका रविवारी सकाळी बारकी बसली. तिच्याकडच्या लायब्ररीत मनासारखा रेडिओ नव्हता, नव्या आवृत्तीत होता. नवी घेताना काहीतरी अडलं. तिच्या धंद्यात यावर एक रामबाण उपाय आहे: जुनं सगळं उपटून काढायचं आणि ताजं बसवायचं. ऑफिसात दिवसातून दोनदा करतात. तिनेही केलं. रेडिओ आला. तिने तो दाबून बघितला, "रेडिओ लावा" म्हणाला. पेला दाबला, बोलला. पेंटरांनी अंगठा वर केला. नव्याची नवलाई म्हणतात ते खोटं नाही. नवं काय आलं ते सगळे बघतात, जुनं जागेवर आहे का ते कोण बघतो?

नव्या आवृत्तीत घंटीचं नाव बदललेलं होतं. जुन्या नावाला आता चित्रच नव्हतं. आणि चित्र सापडलं नाही तर सगळं पान कोसळू नये म्हणून बारकीनेच पूर्वी एक शहाणपणा करून ठेवला होता: नाव नाही मिळालं तर बोंब मारू नको, जागा रिकामी ठेव आणि पुढे चल. पानाने तेच केलं. शेवटच्या ओळीतला लाल चौकोन लालच राहिला, फक्त कोरा.

सोमवारी अकराच्या सुमारास ऑफिसात फोन आला. पेंटर पडले होते. मावशी मागे कपडे वाळत घालत होत्या. आत आल्या तर पेंटर खाट आणि दार यांच्या मधे, एका कुशीवर. खुब्याचं हाड मोडलं होतं.

"ताई, घंटी वाजलीच नाही हो," दवाखान्याच्या व्हरांड्यात मावशी रडत होत्या. "माझे कान तिकडेच असतात. मुलांची शपथ घेऊन सांगते."

संध्याकाळी बारकी बाबांचे कपडे न्यायला घरी आली. टॅब्लेट खाटेवर पडला होता. तिने उचलला आणि तिला तो कोपरा दिसला. तिने त्या कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. टॅब्लेट ठणाणा करू लागला.

घंटी चालू होती. आवाज होता, बटण होतं, पाच महिने जिथे होतं तिथेच होतं. नुसतं बोट टेकवायचं होतं. दुसऱ्या कुणीही टेकवलं असतं. पण पेंटर टेकवणार नव्हते. पाटी कोरी म्हणजे दुकान बंद. हे तिच्याइतकं जगात कुणालाच माहीत नव्हतं.

कुठलं चित्र किती वापरलं जातं ते कळावं म्हणून पानाची नोंद ठेवायची सोय तिने केली होती. ती उघडली. सकाळी पाणी. मग रेडिओ, पुन्हा रेडिओ. मग दहा चाळीसपासून "बाथरूमला जायचंय", नऊ वेळा. नऊ वेळा तिचाच आवाज त्या रिकाम्या खोलीत म्हणाला होता, बाथरूमला जायचंय. बारकी खाटेवर बसली आणि कपड्यांच्या पिशवीत तोंड खुपसून रडली.

दवाखान्यात परत गेल्यावर तिने आधी मावशींचा हात धरला. "तुमचं काही चुकलं नाही. पाटी मी कोरी ठेवली."

पेंटरांनाही तिने सांगितलं, सगळं, काही न लपवता. "चूक माझी, बाबा."  ते डावा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवायला गेले, तो खांद्यापर्यंतच पोचला. तिथेच ठेवला त्यांनी.

त्या आठवड्यात तिने कपाटावरचा खोका खाली काढला. पुठ्ठ्याच्या एकेका तुकड्याचा फोटो घेतला आणि लायब्ररीचं एकूण एक चित्र काढून त्या जागी बाबांचं बसवलं. मापं सारखी नव्हती, रेषा कुठे जाड कुठे बारीक. कुणाचं काय बिघडत होतं? तीन वर्षांपूर्वीही कुणाचं काही बिघडलं नसतं. दोन वेण्यांच्या मुलीसाठी तिने नवा चौकोन केला, त्याला पान आवाज मागू लागलं. तिने थोडा विचार केला आणि एकच शब्द भरला: "बारकी."

टॅब्लेट समोर धरला तेव्हा पेंटर ओळखीचं माणूस भेटावं तसे बघू लागले. पेल्यावरून, खिडकीवरून बोट फिरवलं, पण दाबलं काहीच नाही. मग घंटीवर आले. ही त्यांची, लोलक बरोबर बसलेली. दाबली. ठणाणा झाला, नर्स धावत आली. "काय हवंय, काका?" काही नको होतं. त्यांना ती वाजलेली ऐकायची होती.

मग बोट वेण्यांवर आलं. "बारकी," टॅब्लेट म्हणाला.

"इथेच आहे मी, बाबा."

त्यांनी पुन्हा दाबलं. "बारकी."

"हो, बाबा."

पडून राहिल्याने छातीत कफ भरला. डॉक्टरांनी काय ते स्पष्ट सांगितलं. पुढचे अकरा दिवस पेंटरांनी पाणी मागितलं नाही, पंखा मागितला नाही, रेडिओ नाही. ती उशाशी बसलेली असतानाही बोट त्या एकाच चौकोनावर जायचं, आणि ती दर वेळी ओ द्यायची. बाराव्या दिवशी दुपारी हात टॅब्लेटवरच होता. हलला नाही.

आता बारकी कुठलीही लायब्ररी आपोआप नवी होऊ देत नाही. ऑफिसातली पोरं चेष्टा करतात, ताई जुन्या बाजारातून माल आणतात म्हणून. ती कारण सांगत नाही. नवं काही आणलं की मात्र जुनं एकेक उघडून बघायला लावते, आणि कंटाळा केलेला खपवून घेत नाही.

टॅब्लेट पेंटरांच्या खाटेवर असतो. ती तो चार्ज करते, पान उघडते, बघते आणि बंद करते. दोन वेण्यांवर बोट ठेवत नाही. ठेवून काय होणार, आवाज तर तिचाच आहे. बाबांच्या आवाजातली बारकी कुठेच उरलेली नाही, आणि ती काही आता भरता येत नाही.

मावशी अजूनही अधूनमधून येतात. परवा आल्या, गप्पा झाल्या, आणि बारकी चहा टाकायला आत गेली तशा त्या सवयीने फडकं घेऊन पेंटरांची खोली पुसायला लागल्या. पान उघडंच राहिलं होतं. फडकं काचेवरून फिरलं.

"बारकी," खोलीतून हाक आली.

"आले, बाबा," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. मागोमाग गॅस बंद केल्याचा आवाज, आणि पावलं दारापर्यंत आली. मावशी फडकं हातात धरून तशाच उभ्या होत्या.