दर्याखालच्या गावाची गोष्ट

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली, तेव्हाही नाही. आता तुम्हाला सांगतो – का, ते विचारू नका, मलाच नीट ठाऊक नाही. लिहिताना हात अडतो. दुसरीतून शाळा सुटली, पुढचं आयुष्य होडीवर गेलं; अक्षरं पुन्हा गिरवली ती म्हातारपणी. तरी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेणार नाही. चुका असतील तर असोत.

तारापूरला अणुभट्टीचं काम निघालं, त्या सुमाराची गोष्ट. सातपाटीच्या अलीकडे आमचं गाव. मी तांडेल – होडी माझी, खलाशी माझे, दर्यावर शब्द माझा. गावातही माझाच. शाळेच्या कमिटीवर मला घेतलं, तेव्हा वाचता येतं का, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्या वर्षी धर्मा माझ्या होडीवरून पडला. वारं फिरलेलं होतं, म्हातारे नको म्हणत होते – मी निघालो. मयत हाती लागलं नाही. दर्यानं नेला, असं गाव म्हणालं. मीही तेच म्हणालो. किती सोपं असतं ना, दर्याच्या नावावर टाकणं?

धर्माची पोर जमनी तिसरीत होती. गुरुजी घाटावरून आलेला, तरुण. त्यानं गोष्टींची पुस्तकं आणून वर्गात एका ट्रंकेत ठेवली होती. उडते घोडे, बोलणारे मासे – असलं काही. शनिवारी वाचून दाखवायचा. त्यातल्या एका गोष्टीत दर्याच्या तळाशी गाव असतं. बुडालेली माणसं तिथं राहतात, जाळी विणतात, जेवतात. वरून होडी गेली की त्यांच्यावर सावली पडते. मग ती मान वर करून बघतात – कुणाची होडी?

जमनीनं ते खरं धरलं. होडी लागली की ही पुढे. बायका टोपल्या घेऊन मासळीला भिडलेल्या, आणि ही सगळ्यांसमक्ष विचारणार, "तांडेलकाका, आज माझ्या बाबावरून गेलात काय?" कधी म्हणायची, "हळू जावा हां. तो वर बघत असंल."

खलाशी माना खाली घालायचे. एकदा एक कोळीण टोपली भरता भरता म्हणाली, "सांगा ना तांडेल, पोर विचारते ती. गेलात काय?" ती हसत होती. त्या हसण्यात काय होतं, ते मला कळलं.

मी शाळेत गेलो. ही पुस्तकं बंद करा म्हणालो, पोरांना खोटं शिकवता तुमी. गुरुजी शांतपणे म्हणाला, "खोटं नाही तांडेल, गोष्ट आहे. पोरं असल्या गोष्टींमुळे तर वाचायला लागलीत." आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. "तुम्हीच वाचा. वाईट काय आहे ते दाखवा."

त्याच्या मनात काही नसेल. पण पोरं बघत होती. मी पान धरून उभा राहिलो. एक अक्षर लागायचं, दुसरं सुटायचं. मागं कुणी तरी खुसखुसलं. तेवढ्यात जमनी उठून जवळ आली, ओळीवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "काका, हितून."

तिनं मदत केली हो. आणखी काय केलं होतं?

कमिटी बसली, तेव्हा मी उठलो आणि म्हणालो – काल सांजेला धर्माची पोर खाडीत शिरत होती. बाबाकडं जाते म्हणाली. मी ओढून काढली, म्हणून वाचली.

असं काही घडलंच नव्हतं. त्या सांजेला मी ओट्यावर बसून जाळं शिवत होतो. जमनी खाडीकडे फिरकलीही नव्हती.

पोरीचे कपडे भिजले होते काय – एवढं कुणी विचारलं असतं तर मी तिथंच अडकलो असतो. कुणी विचारलं नाही. तांडेल बोलला म्हणजे झालं. ट्रंक सरपंचाच्या माळ्यावर गेली, तिथं पुस्तकं उंदरांनी खाल्ली. वर्गात धड्यांच्या पुस्तकाशिवाय काही वाचायचं नाही, असं ठरलं. गुरुजीनं मनोरकडे बदली मागून घेतली. जाताना तो माझ्या पाया पडला. "माझ्या हातून पोरीचा जीव जात होता," म्हणाला, "तुम्ही वाचवलंत." मी पाय मागे घेतले नाहीत.

आणि जमनी? आईनं तिला बडवली. "मी नाय गेले, आये, मी नाय गेले," पोर ओरडत होती. आईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "भ्यायलीय. आठवत नसंल तिला."

कमिटीतल्या खोट्यापेक्षा हे वाक्य वाईट. तिची शाळा सुटली. पाण्याजवळ तिला कुणी एकटं सोडेना. हळूहळू ती नाही म्हणायची थांबली. मग तिला आठवायला लागलं – पाणी थंड होतं, चिखलात पाय रुतले होते, काकांनी वेणी धरून ओढलं. वेणीचं मी कधी बोललोच नव्हतो.

तेव्हापासून मी ह्यात अडकलोय. गाव मान देत राहिलं, मी घेत राहिलो. खरं बोललो असतो तर माझा शब्द गेला असता, आणि पोरीची आठवणही मोडली असती. पहिलं कारण खरं. दुसरं मी नंतर शोधलं.

जमनी आता आजी झाली. पालघरच्या बाजारात मासळी घेऊन बसते. गिऱ्हाइकांना मला दाखवते – "ह्यो म्हातारा नसता तर मी कुठली?" परवा नातवाला घेऊन घरी आली. त्याला माझ्यापुढं बसवलं. "सांगा ना काका, मला कसं काढलंत. माझ्या तोंडून ह्याला खरं वाटत नाय."

पोरगं माझ्याकडे टक लावून होतं. पाणी किती होतं, त्यानं विचारलं.

तुझ्या आजीच्या गळ्यापर्यंत, मी म्हणालो. आणि पुढचं सगळं सांगितलं.