त्याचं माप आम्हाला माहीत होतं

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, बीपीची गोळी सुरू झाली, मुलं म्हणतात, आता शांत राहा. राहतो बाबा. पण ही केस सांगायला बसलो की शांत राहता येत नाही, आणि खरं सांगायचं तर राहायचंही नाही. दरोडेखोर पाहिले, खिसेकापू पाहिले, खुनी पाहिले. त्यांचा राग यायचा तो ड्यूटीपुरता. या केसमधली माणसं तशी नव्हती. गावात मान असलेली, दिवाळीला ठाण्यात फराळ पाठवणारी. त्यांच्यावरचा राग मात्र अजून उतरलेला नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी मूळचा धुळ्याचा, पण तेव्हा जळगावच्या पूर्वेकडे, केळीच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. थंडीचे दिवस. तिकडे थंडी पडली की शेताशेतांत भरीत पार्ट्या सुरू होतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, हिरव्या मिरच्या घालून ठेचायची, वरून तेल, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. काही मंडळींना त्याबरोबर बाटलीही लागते.

एका दुपारी ठाण्याबाहेर जीप करकचून थांबली. गावात बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान असलेला एक गृहस्थ धापा टाकत आत आला.

"साहेब, घात झाला. भाऊले विष दिलं!"

"कोणी?"

"आनखी कोणी? त्याच्या घरवालीनं."

भाऊ म्हणजे तिथले मोठे केळी बागाईतदार. सगळं गाव त्यांना भाऊच म्हणायचं, मीही तेच म्हणतो. माणूस प्रचंड. बुलेटवर बसले की मागचं चाक दिसायचं नाही. पण शुगर, गुडघे, दम, सगळंच मागे लागलं, तेव्हा मेहुण्याच्या ओळखीने मुंबईत जाऊन त्यांनी वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं. आपल्याकडे तेव्हा हे कोणी ऐकलंही नव्हतं. पोट शिवून मुठीएवढं करायचं आणि आतड्याला जवळची वाट जोडून द्यायची. गावात चर्चा, "पैसे देऊन उपाशी राहू राह्यला." काही महिन्यांत भाऊ निम्मे झाले होते.

दुकानदाराने सांगितलं ते असं. भाऊंच्या मित्राच्या, म्हणजे एका कापसाच्या जिनिंग मालकाच्या शेतात भरीत पार्टी होती. सगळ्यांनी भरीत खाल्लं, सगळे ठणठणीत. भाऊंना तेल-तिखट चालत नाही म्हणून त्यांच्या बायकोने वेगळा डबा दिला होता. त्यातलं ते चार घास जेवले आणि आडवे झाले. आता दवाखान्यात बेशुद्ध होते. दारू? "आमी घेतली साहेब, खोटं काबरं बोलू? पण भाऊनं थेंब नही घेतला." घरात फवारणीचं औषध असतंच, नवरा-बायकोत हल्ली कुरबुर होती, असंही वर जोडलं. मी म्हणालो, लेखी द्या. त्याने दिलं. मागून आलेल्या जिनवाल्या शेठनेही खाली सही ठोकली. स्टेशन डायरीत नोंद करून मी दोघांना घेऊनच दवाखाना गाठला.

हिशेब सरळ दिसत होता, हे मी मान्य करतो. सगळ्यांनी एक खाल्लं, एकाने वेगळं खाल्लं, तोच पडला. कोणताही पोलीस डब्याकडेच बघेल. मी डबा जप्त केला, पंचनामा केला.

त्या बाई दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या. बातमी माझ्या आधी पोहोचली होती. नातेवाईक चार हात लांब उभे होते, जवळ कोणी नाही. त्यांच्या चुलत सासूने मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "बारीक झाला तो, आन हिच्या डोळ्यात खुपू लागला." मी महिला शिपायाला बाईंजवळ उभं केलं आणि विचारलं, डब्यात काय होतं?

"मुगाची खिचडी, पातळ. चिमणीयेवढी." त्या रडत नव्हत्या. "साहेब, मी त्यायले विष काबरं देईन? चार महिन्यांपासून चमच्याचमच्यानं भरवू राह्यली मी त्यायले. डॉक्टर सांगे तेच खाऊ घालते. मले काही बी इचारा, पण आधी त्यायले वाचवा."

मग डॉक्टर बाहेर आले. त्यांचं बोलणं ऐकलं आणि केसचं स्वरूपच बदललं.

ते म्हणाले, "साहेब, मला एकच गोष्ट हवी आहे. यांच्या पोटात काय गेलंय? कीटकनाशक गेलं असेल तर नळी घालून पोट धुवावं लागेल. पण मी मुंबईच्या सर्जनशी फोनवर बोललो. त्या शिवलेल्या पोटात नळी घालणं फार धोक्याचं आहे, शिवण फाटली तर माणूस हातचा जाईल. आणि विष असून धुतलं नाही, तरी जाईल. डोळ्यांच्या बाहुल्या, लाळ, घाम, नक्की काही सांगत नाहीत. दारूचा वास येतोय, पण मित्र म्हणतात, ती अंगावर सांडली."

रक्ताचा अहवाल यायला वेळ होता. व्हिसेरा वगैरे तर मेल्यानंतरच्या गोष्टी. थोडक्यात, भाऊंचा जीव तेव्हा त्या दोन मित्रांच्या तोंडात अडकला होता. आणि ते दोघं साळसूद चेहरा करून बाकड्यावर बसले होते.

नर्सने काढून ठेवलेला भाऊंचा शर्ट मी मागवला. पुढून ओकारी, लिंबाचा आंबट वास आणि त्यातच दारूचा. पाठ, बाह्या, कॉलर कोरडी, स्वच्छ. अंगावर दारू सांडली म्हणता आणि ती फक्त ओकारीतच सांडली? मी दोघांना वेगळं केलं. दुकानदाराला हवालदाराबरोबर जीपमध्ये बसवलं आणि शेठला व्हरांड्याच्या टोकाला नेलं.

दटावलं असतं तर तो गप्प बसला असता. वकील, आमदार, सगळे आठवले असते त्याला. नोकरीत एक गोष्ट मी शिकलो होतो. माणूस आपली चूक पोटात ठेवू शकतो, पण मित्राची फुशारकी पोटात राहत नाही. मी सिगारेट पुढे केली आणि सहज म्हणालो, "भाऊ पूर्वी भारी घ्यायचे म्हणे?"

शेठचा चेहरा खुलला. तिकडे आत मित्र मरतोय आणि याचा चेहरा खुलला!

"काय सांगू साहेब, आख्खी बाटली, खंबा, एकटा रिचवे! वरून बुलेट चालवत घरी जाये. अमळनेरले एका लग्नात तर पैज लावून समद्यायले झोपवलं त्यानं. त्याचं माप आमाले माहीत शे ना. त्याच्यापुढे आजचं काय, दोन पेग म्हणजे त्याले..."

आणि तोंड उघडंच राहिलं.

"दोन पेग म्हणजे काय, शेठ?"

तो पायाकडे बघायला लागला. मी त्याची मान वर केली. हो, हाताने केली. म्हणालो, "आत डॉक्टर नळी घेऊन उभे आहेत. तुझ्या खोट्यापायी पोट फाटून तो मेला तर हा खून आहे आणि फिर्याद मी देईन. बोल."

तो बोलला. भाऊंनी पहिल्यापासून नाही म्हटलं होतं. डॉक्टरने वर्षभर बंद सांगितली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिलाय, मी सरबत घेतो. मंडळींना ते झोंबलं. बारीक झाला तर शहाणा झाला का? मग या दोघांनी बिनरंगाची दारू आणली आणि त्यांच्या लिंबू सरबतात ओतली. एक ग्लास, मग दुसरा. भाऊ म्हणाले, कडू लागतंय. हे म्हणाले, लिंबाची बी चावली गेली असेल. ते झोकांड्या खायला लागले तेव्हा टाळ्या वाजवल्या. पडले तेव्हा म्हणाले, नाटक करतो. ओकून निपचित झाले तेव्हा यांची उतरली. आणि जीपमधून दवाखान्यात आणताना, मित्राचं डोकं मांडीवर घेऊन, या दोघांनी ठरवलं की बायकोवर ढकलू!

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती मी त्या दिवशी अनुभवली. पण आधी डॉक्टरांकडे धावलो.

"दोन मोठे पेग. सरबतातून. जेवण नावाला."

"नळी नको!" डॉक्टर आत ओरडले. कुशीवर वळवा, ग्लुकोज चढवा, श्वासावर नजर ठेवा. सगळी धावपळ झाली. नंतर थोडी उसंत मिळाल्यावर त्यांनी मला समजावलं. साध्या माणसाच्या पोटात दारू थोडा वेळ थांबते, अन्नात मिसळते, हळूहळू रक्तात जाते. या माणसाला थांबायला पोटच ठेवलेलं नाही. ग्लासातून ती जवळजवळ थेट आतड्यात आणि रक्तात. त्यात सरबत, म्हणजे गटागट. अंगाचा आकार निम्मा, खाणं चिमणीचं, रक्तातली साखर एकदम खाली. जुन्या भाऊंचा खंबा आणि या भाऊंचे दोन पेग यांची तुलनाच चुकीची. मुंबईच्या सर्जनने तर सांगून ठेवलं होतं, वर्षभर अजिबात नाही. पुढेही घ्यायचीच झाली तर आधी मला विचारून, जेवल्यावर, अगदी थोडी, घोट घोट, घरचं माणूस जवळ असताना, आणि गाडीला हात लावायचा नाही. इतकं साधं. पण ते ऐकायचं होतं कोणाला?

संध्याकाळी भाऊंनी डोळे उघडले. मी व्हरांड्यात जाऊन बाईंना सांगितलं. तोवर उभ्या असलेल्या त्या पहिल्यांदा खाली बसल्या. चुलत सासू लगबगीने पाणी घेऊन पुढे आल्या. बाईंनी ग्लास घेतला नाही.

दोघांवर कलम ३२८ लावलं, मादक पदार्थ पाजून इजा. वाटलं, आता सुटत नाहीत. आणि तिसऱ्या दिवशी खुद्द भाऊ, अंथरुणातूनच, मला म्हणतात, "साहेब, जाऊ द्या ना. लहानपणीचे मित्र हायेत माझे. गंमत केली त्यायनं."

"गंमत? भाऊ, तुमच्या बायकोला खुनी ठरवलं त्यांनी!"

"ते घाबरीसन बोलले. तिले मी समजाडतो."

बाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. हातातला खिचडीचा चमचा त्यांनी वाटीत परत ठेवला. मला मात्र त्या क्षणी त्या बारीक झालेल्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटलं.

व्हायचं तेच झालं. कोर्टात भाऊ फितूर झाले. "मीच मागून घेतली." दोघे निर्दोष. बाहेर हार घातले, पेढे वाटले. एक पेढा वर तोंड करून माझ्याकडेही आला. मी तो पाठवणाऱ्याच्या हातात परत ठेवला.

पण त्यांचा सहीचा कागद माझ्याकडे होता. खोटी खबर देऊन पोलिसाकरवी निरपराध्याला त्रास देणं, कलम १८२. त्यात फिर्यादी असतो ज्याला खबर दिली तो अधिकारी. म्हणजे मी. तिथे भाऊंच्या मोठ्या मनाचा काही उपयोग नव्हता. वरिष्ठांनी सुचवून पाहिलं, प्रतिष्ठित माणसं आहेत, नवऱ्याची तक्रार नाही, कशाला वाढवता? मी म्हटलं, साहेब, नवऱ्याची नाही, पण बायकोला कोणी विचारलंय का? आणि तक्रार दाखल केली.

या केसने मला काय शिकवलं? दारू वाईट, असं मी सांगणार नाही, ते सांगणारे पुष्कळ आहेत. पण समोरचा माणूस 'नको' म्हणाला की ते 'नको' त्याच्या शरीराचं असतं, तुमच्या मैत्रीचा अपमान नसतो. काल ज्याला जे पचत होतं ते आज पचेलच असं नाही, आणि ते तुम्हाला कळण्याचं कारणही नाही. त्याचा ग्लास त्याच्या हातात राहू द्या. दुसरं असं, की गुन्ह्याच्या कागदात फिर्यादीचा रकाना एकच असतो, आणि पुष्कळदा ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान झालेलं असतं त्याचं नाव तिथे नसतं. कलम ३२८च्या त्या पहिल्या केसमध्ये त्या बाई नुसत्या साक्षीदार होत्या.

दुसऱ्या केसचा निकाल लागला तेव्हा त्या कोर्टात आल्या होत्या, भाऊंबरोबर. न्यायाधीशांनी दोघांना दोषी ठरवलं. दंड, आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद. म्हणजे दिवसभराचं काम संपून न्यायाधीश उठेपर्यंत आरोपींनी तिथेच बसून राहायचं. किरकोळ शिक्षा. शेठने तर हातानेच भाऊंना खूण केली, काही नाही, सुटलो.

भाऊ उठले. बायकोला म्हणाले, "चाल, झालं ना आता? एसटी चुकंल."

बाईंनी पदर नीट केला आणि त्या दोघांच्या बरोबर समोरच्या बाकावर जाऊन बसल्या.

"तुमी जा," त्या म्हणाल्या. "यायची शिक्षा संपल्यावर येते मी."

कोर्ट उठेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत, आणि ते दोघं मान वर करू शकले नाहीत.