भिंतीवरचा तिसरा फोटो

फोटो स्टुडिओवालीला अख्खा रस्ता ‘हसाताई’ म्हणायचा. आल्यागेल्याला दिवसभर ‘हसा, थोडं हसा’ म्हणणारी ही बाई स्वतः हसलेली कुणी पाहिली नव्हती. लोक म्हणायचे, शिष्ट आहे. शिष्ट कसली डोंबलाची. ती बारा वर्षांची असताना दातांच्या डॉक्टरानं पुढे आलेले दात मागे घ्यायला तिचे चार धडधाकट दात उपटले आणि तारा आवळल्या. दात सरळ झाले, पण ओठ आत गेले, गाल बसले आणि घास चावताना जबडा कटकट वाजायला लागला.

आई मात्र अजून म्हणायची, “मोत्यासारखी रांग आहे, आणखी काय पाहिजे तुला? देवमाणूस होता तो.”

पस्तिशीला ती एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी समजावलं, पुन्हा तारा लावून काढलेल्या दातांच्या जागा उघडायच्या आणि तिथं कृत्रिम दात बसवायचे, नाहीतर जबड्याचं ऑपरेशन, नाहीतर आहे त्यावर भागवायचं. “पण मूळचा चेहरा कसा होता ते बघितल्याशिवाय मी हात घालणार नाही. एकदा घिसाडघाई झालीये, तेवढी पुरे. जुने फोटो आहेत?”

घरी एकही नव्हता. पोरं चिडवायची म्हणून लहानपणी ती कॅमेरा दिसला की तोंडावर हात धरायची. दात काढण्याआधी त्या डॉक्टरानं तिचे फोटो घेतले होते. मग नाक मुठीत धरून ती त्याच्या जुन्या दवाखान्याची पायरी चढली.

आणि बाहेरच्या खोलीत भिंतीवर तीच. दोन चौकटींत दोन फोटो, एकाखाली ‘आधी’, दुसऱ्याखाली ‘नंतर’. ना तिला विचारलं होतं, ना आईला. म्हातारा डॉक्टर बाहेर आला. त्याला वाटलं, नवी पेशंट.

“ही माझी सगळ्यात देखणी केस,” तो कौतुकानं म्हणाला.

“पुढे काय झालं तिचं?”

“काय व्हायचंय? मजेत असेल.”

“मीच ती.”

त्यानं चष्मा नीट करून तिच्याकडे पाहिलं. “मग दात जागेवर ठेवायची रात्रीची प्लेट लावली नसणार तुम्ही. पोरं ऐकत नाहीत आणि खापर आमच्या डोक्यावर.”

प्लेट तिनं कॉलेज संपेपर्यंत लावली होती. तळपायाची आग मस्तकात गेली. दातओठ खावेत तर जबडा वाजायचा. तिनं फक्त ते फोटो मागितले.

“छे, तो दवाखान्याचा शो आहे. मिळणार नाहीत.”

ती स्टुडिओत परतली. लोकांच्या चेहऱ्यावरचे खड्डे भरून निघावेत म्हणून ती नेहमी समोरून दिवा लावायची. आज बाजूनं लावला, सगळे खड्डे दिसतील असा. कॅमेऱ्यासमोर बसली आणि स्वतःलाच म्हणाली, हसा. खड्डे बुजवायला फोटोवर हात फिरवला नाही. भिंतीवरच्याच मापाची चौकट केली आणि खाली लिहिलं, ‘आता’.

दवाखाना पेशंटांनी भरलेला असताना ती हातोडी घेऊन आली.

“अहो, डॉक्टरांना विचारलंत का?” काउंटरवरची बाई म्हणाली.

“त्यांनी मला विचारलं होतं?” तिनं खिळा ठोकला आणि तिसरा फोटो लावला.

लेकीला घेऊन बसलेली एक आई उठून जवळ आली. तिन्ही फोटो पाहिले, मग हसाताईला पाहिलं. “किती दात काढले होते?”

“चार. किडका एकही नव्हता.”

त्या आईनं लेकीचा हात धरला आणि चालू लागली. मागोमाग आणखी दोघं उठले.

आवाजानं डॉक्टर बाहेर आला. भिंत पाहिली, रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्या पाहिल्या आणि घाईघाईनं जुने दोन फोटो उतरवून तिच्या हातात कोंबले. “घ्या तुमचे. आणि हा काढा आधी.”

तिनं दोन्ही फोटो शांतपणे पिशवीत घातले.

“तो कसा काढू? दवाखान्याचा शो आहे ना तो,” ती म्हणाली. “तुम्ही काढलात तर उद्या दुसरा लावीन. स्टुडिओ माझाच आहे.”

आणि जबडा कटकन वाजला तरी सगळे दात दाखवून ती हसली.