आईची दाढ आणि तांबडी कोंबडी

एम.एस्सी.ला असताना एक गोष्ट माझ्या डोक्यात अशी शिरली की जेवतानाही पाठ सोडेना. कोंबडीला मेलेल्या जंतूंची सुई टोचली की तिच्या रक्तात त्या जंतूंना धरणारी प्रतिपिंडं तयार होतात. ती बया ही प्रतिपिंडं स्वतःपुरती ठेवत नाही, पिल्लासाठी अंड्याच्या बलकातही उतरवते. मग दात किडवणारे जंतू टोचले तर? तो बलक त्यांना धरेल? परदेशात असं करून पाहतात, असं चंद्रपूरच्या कॉलेजातले आमचे सर म्हणाले होते. मला ते माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

जंतू घरचेच मिळाले. आरमोरीला आईची खालची दाढ किडली होती. तिच्यावरचा मळ मी कापसाच्या काडीनं पुसून नेला. कॉलेजात जंतू वाढवले, मारले आणि सुट्टीत घरी येऊन आमच्या तांबड्या कोंबडीला टोचले.

"माह्या दाताची कीड तिले देऊन राह्यली?" आईनं विचारलं.

"मेलेली आहे गं. आता तिच्या अंड्यात त्या किडीशी लढायची ताकद येईल."

आईनं तांबडीकडे पहिल्यांदाच जरा मानानं पाहिलं.

पुढची अंडी सांभाळ, मी येऊन नेते, असं बजावून मी परतले. सरांनी आधीच दम भरला होता: महिनाअखेर अंडी आणली नाहीस, तर प्रयोग बंद आणि विहिरींच्या पाण्याचा विषय घ्यायचा. पाण्यात मला काडीचा रस नव्हता.

महिना संपता संपता घरी आले, तर अंड्यांची टोपली रिकामी. कोपऱ्यात भाताच्या तणसावर तांबडी पिसं फुलवून बसलेली. अंडी तिच्याखाली, आणि उबवणारी कोंबडी नवी अंडीही घालत नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई, ती प्रयोगाची होती! उबवायला कशाला ठेवलीस?"

"काऊन ओरडून राह्यली? चांगलं धान आपण बियाण्याले ठेवतो, का कांडून खातो? एवढ्या ताकदीची अंडी, अन् फोडाची?"

मी फोडणारच होते. आत थोडा तरी बलक उरला असेल, तेवढाच नेऊ. तांबडीची चोच चुकवून एक अंडं काढलं आणि दारातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेसमोर धरलं. आत लाल धाग्यांचं जाळं होतं, मधोमध एक ठिपका. तो हलला. बलकातली ती सगळी ताकद कुठं जाते, हे मी डोळ्यांनी बघत होते. अंडं परत तिच्याखाली सरकवलं आणि चुलीपाशी बसून चांगली रडले.

प्रबंध विहिरींवर लिहिला. चांगला झाला म्हणतात.

पिल्लं अंगणात पळायला लागली तेव्हाच आईची दाढ काढावी लागली. गालाला फडकं दाबून ती पायरीवर बसली होती आणि पिल्लं तिच्या पायांशी कण्या टिपत होती. मी म्हटलं, "आई, तुझ्या किडीचा सगळा बंदोबस्त यांच्या अंगात आहे, आणि एकाच्याही तोंडात दात नाही."

"हसवू नको व," ती फडक्याआडून म्हणाली, "दुखते." आणि हसत राहिली.