गिरणीतला खून आणि दारातली गर्दी

ती घटना आजही आठवली की मी उठून दाराची कडी तपासतो.

माकणी धरणाकडच्या एका गावात पिठाच्या गिरणीचा मालक भरदुपारी गिरणीतच मारला गेला होता. गिरणी चालू होती, त्या घरघरीत त्याची हाक कुणालाच ऐकू गेली नाही. तपास झाला, पण आरोपी मिळाला नाही. गुन्हा खरा, आरोपीचा पत्ता नाही, अशी 'अ' समरी होऊन प्रकरण बंद झालं.

मी तिथल्या पोलीस ठाण्याला प्रभारी म्हणून गेलो, तेव्हा या गोष्टीला बरीच वर्षं लोटली होती. पण खून नव्यानं गाजत होता. शहरातला एक तरुण मोबाइलवर त्याचे व्हिडिओ टाकत होता. सोलापूर-बार्शीहून माणसं गाड्या करून यायची, बंद गिरणीपुढे फोटो काढायची. व्हिडिओत संशय शेजारच्या शिंप्यावर होता. त्याच्या दारावर कुणीतरी 'खुनी' असं लिहिलं. त्याच्या मुलीनं कॉलेज सोडलं.

एके सकाळी ठाणे अंमलदाराला निनावी फोन आला, "शिंप्याच्या गोठ्यात, कडब्याखाली हत्यार हाय."

पंच घेऊन गेलो. पोत्यात गुंडाळलेला गंजका कोयता निघाला. पंचनामा संपेपर्यंत बाहेर गाव लोटलं होतं. "आमच्या ताब्यात द्या त्याला!" शिंप्याभोवती कडं करून आम्ही त्याला जीपमध्ये बसवलं.

ठाण्यात त्याला पाणी दिलं. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "लिहा साहेब, म्याच मारलं."

"कशानं?"

"कोयत्यानं. मानेवर."

शवविच्छेदन अहवालात डोक्यावर जड, बोथट वस्तूचा घाव होता. मानेवरचा कोयत्याचा घाव फक्त त्या तरुणाच्या व्हिडिओत होता.

"खोटं का बोलता?"

तो रडायला लागला. "मी आत गेलो तर पोरीला तरी जगू देतील. न्हायतर घर पेटवतील, साहेब."

मी मुद्देमाल पुन्हा मागवला. कोयता जुना होता, पण पोतं खताचं होतं आणि त्यावर यंदाचं साल छापलेलं होतं. फोनचा नंबर तपासला, तर तो व्हिडिओवाल्याच्या मेहुण्याच्या नावावर निघाला. त्या तरुणाला आणून बसवलं. बराच वेळ तो नाहीच म्हणत होता. पोतं पुढं ठेवल्यावर त्यानं मान खाली घातली.

"लोक रोज विचारायचे, खुनी कोण? काहीतरी शेवट द्यायलाच पाहिजे होता, साहेब."

खोटा पुरावा रचल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल केला आणि शिंप्याला सोडलं. आठवड्यातच तो बिऱ्हाड घेऊन गाव सोडून गेला. लोक म्हणाले, "बघा, पळाला. म्हंजे त्योच."

गिरणीवाल्याच्या पत्नीला सगळं सांगायला गेलो. गिरणीपुढं त्या दिवशीही गाड्या उभ्या होत्या. कवाड किलकिलं करून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "शिंपी न्हाय, हे मला ठाव होतं. पर मारणारा ह्या बघणाऱ्यांत येत असंल का हो? परवा एकानं पाणी मागितलं. म्या दिलं, पर कवाडाच्या फटीतनंच."

खून उलगडला नाही की लोकांना कुणीतरी खुनी लागतो, आणि सगळ्यात दुबळा माणूस त्यांना आधी सापडतो, एवढं मी त्या प्रकरणात शिकलो. खरा मारेकरी मात्र कधीच सापडला नाही.

आता लग्नाकार्यात कुणी ना कुणी जवळ सरकून विचारतं, "साहेब, खरं सांगा, कोण होता तो?"

मी विचारणाऱ्याचा चेहरा नीट बघून घेतो.